बघायला येणारा माणूस

गाईने उजवा पाय उचलला, क्षणभर अधांतरी धरला आणि जागा पसंत पडल्यासारखा सावकाश दुधाच्या बादलीत ठेवला.

"अगं ए, अगं—"

पुढचं काही म्हणायच्या आत बादली कलंडली. दूध फरशीच्या खाचेतून वाट काढत दाराकडे निघालं, उंबऱ्याशी जरा घुटमळलं आणि बाहेर उन्हात पसरलं. धार काढायला तिपाईवर बसल्या बसल्या तिची नजर दुधामागोमाग गेली. ओघळ जिथं थांबला तिथून चार हातांवर नीट पुसलेले चामडी बूट होते. बुटांच्या वर इस्त्रीची पँट, आणि त्या पँटीसकट कुंपणालगतच्या दगडावर बसलेले हूंतात्या.

"हूं," तात्या म्हणाले.

ती उठली. बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. धार काढायची वेळ सकाळी सहाची. आता साडेदहा होऊन गेले होते. पंप बंद पडला होता. पंपाचं झाकण उघडायचा पाना शोधता शोधता कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला होता. आणि त्या गडबडीत खुराड्याचं दार उघडं राहून सात कोंबड्या घेवड्याच्या वाफ्यात शिरल्या होत्या. हे सगळं तात्यांना सांगावं असं तिला वाटलं. मग वाटलं, का म्हणून सांगावं? जागा आता आपली आहे. गाय आपली आहे. सांडलेलं दूधही आपलंच आहे.

"चहा घेणार?" तिने विचारलं.

"हूं."

हा होकार की नकार, हे तिला सहा महिन्यांत कळलेलं नव्हतं. चहा केला तर ते पीत, नाही केला तर मागत नसत.

हे शेत आधी तात्यांचं होतं. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी ते कसलं, आणि दीड वर्षापूर्वी घर, गोठा, दोन गाई, विहीर आणि सगळं सामान तिला आणि तिच्या नवऱ्याला विकून ते शहरात मुलाकडे राहायला गेले. चौथ्या मजल्यावर. वर्षभर त्यांचा काही पत्ता नव्हता. मग एका गुरुवारी ते दहाच्या बसने आले, दगडावर बसले आणि चारच्या बसने गेले. पुढच्या गुरुवारी पुन्हा. हाताला काही लावत नसत, सल्ला देत नसत, चूक काढत नसत. नुसते बघत. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर 'हूं' असायचं, म्हणून गावाने त्यांना फार वर्षांपूर्वीच हूंतात्या करून टाकलं होतं.

गावाने तिलाही 'बाई' करून टाकलं होतं. शाळेच्या पुस्तकांचं काम करत होती एवढंच लोकांच्या कानावर आलं, आणि ती परस्पर शिक्षिका झाली. प्रत्यक्षात सव्वीस वर्षं ती एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती. अक्षरं, मात्रा, विरामचिन्हं. एखादं वाक्य कुठं लंगडतंय हे तिला लांबूनच कळायचं. पण तात्यांच्या त्या एका अक्षरापुढे पूर्णविराम द्यावा, प्रश्नचिन्ह द्यावं की उद्गारचिन्ह, हे काही केल्या ठरत नव्हतं.

शेताचं वेडही छापखान्यातूनच आलेलं. दुसरीच्या पुस्तकात शेतावरचा एक धडा होता. अकरा आवृत्त्यांमध्ये तिने तो अकरा वेळा तपासला होता. लाल छपराचं घर, मागे टेकडी, पिल्लांची रांग घेऊन निघालेली कोंबडी, आणि कुंपणापाशी एक गाय. गाय हसत असे. गाई हसतात का, असं एकदा तिने समासात पेन्सिलीने विचारलं होतं. चित्रकाराने खाली लिहून पाठवलं, 'दुसरीपर्यंत हसतात.' त्यावर ती त्या दिवशी खूप हसली होती. पण छापखान्याच्या त्या खोलीत, जिथं दिवसासुद्धा दिवा लावावा लागे, ते पान समोर आलं की तिची पेन्सिल जरा रेंगाळत असे. वय वाढत गेलं तशी ती अधिकच रेंगाळू लागली.

नवऱ्याला असलं काही वेड नव्हतं. तो नगररचनेच्या ऑफिसात नकाशे काढायचा. "हौसेला मोल नाही," एवढंच तो म्हणाला होता, आणि तिच्या हौसेखातर, फारसं कुरकुरल्याशिवाय, आपल्या पट्ट्या आणि पेन्सिली एका खोक्यात भरून आला होता.

आता तो मागच्या खोलीत फळीवर उताणा पडून होता. तीन आठवड्यांपूर्वी बटाट्याचं पोतं उचलताना त्याच्या कमरेत काहीतरी कट्कन वाजलं होतं.

ती चहा घेऊन आत गेली तेव्हा तो पोटावर वही ठेवून रेघा मारत होता.

"आला का तो?" त्याने विचारलं.

"आलेत."

"काय म्हणतो?"

"काय म्हणणार? हूं."

"बादली पडल्याचा आवाज आला."

"गाईने पाय घातला."

त्याने वही बाजूला ठेवली. वहीत एका घराचा नकाशा होता. शेताचा नव्हे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक छोटा सज्जा. सज्ज्यात त्याने खुर्चीसुद्धा काढली होती, वरून दिसते तशी.

"हे बघ," तो छताकडे बघत म्हणाला, "मी काही टोमणा मारत नाही. पण दीड वर्षात तू एकदा तरी बसलीस का? नुसती, हात मांडीवर ठेवून?"

तिने आठवून बघितलं. बसली तर होती. तिपाईवर, वाफ्यात उकिडवी, एकदा विहिरीच्या काठावर दोर सोडवत. पण हात मांडीवर ठेवून?

"दुरून डोंगर साजरे म्हणतात," तो म्हणाला, "ते आपल्याला आधीच पाठ होतं. तरी आलो. आता जाऊ."

"कुणाला द्यायचं हे सगळं?"

"त्यालाच दे ना. दर आठवड्याला दोन बसा बदलून येऊन बसतो माणूस. जीव अडकलाय त्याचा इथं. तोंडाने मागत नाही एवढंच. आपणहून दिलं तर त्याची आणि आपली, दोघांचीही लाज राहील."

तिला ते पटलं. इतकं चटकन पटलं की तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. म्हणजे त्या 'हूं'चा अर्थ हा होता तर. म्हातारा मनातल्या मनात झुरतोय, आणि आपण त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या गाई बिघडवतोय, त्याचा घेवडा तांबेरा रोगाच्या तोंडी देतोय. सहा महिने तिला वाटत होतं की ते परीक्षा घ्यायला येतात. बिचारे. तिला भरून आलं. तेवढ्यात खुराड्याकडून कालवा ऐकू आला आणि ती पळत बाहेर गेली.

पुढच्या गुरुवारी विचारायचं ठरलं. आठवडाभर ती मनाशी वाक्यं जुळवत होती. तात्या, तुम्हाला राग येणार नसेल तर. तात्या, आमचं चुकलं असं नाही, पण. प्रत्येक वाक्य कुठंतरी लंगडत होतं.

गुरुवारी तात्या आले तेव्हा ती गोठ्याच्या दारात उभी होती. थोरली गाय निवांत रवंथ करत होती. धाकटीचं मात्र काही खरं नव्हतं. ती पहिलटकरीण होती. दिवस भरत आले आहेत हे माहीत होतं, पण आजच असं काही वाटलं नव्हतं. सकाळपासून ती ऊठबस करत होती, शेपूट वर धरत होती, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती, जणू तिथं कुणी हाक मारत होतं. मग बाराच्या सुमाराला पाणी गेलं. मग तासभर नुसत्या कळा. आणि आता एक खूर दिसत होता.

एकच.

तिने भिंतीला टेकून ठेवलेलं पुस्तक पुन्हा बघितलं. पुस्तकात दोन पाय आणि त्यांवर ठेवलेलं नाक होतं. दुसरा पाय कुठं गेला?

"तात्या!" ती ओरडली. "तात्या, लवकर या!"

तात्या दगडावरून उठले. सहा महिन्यांत बसची वेळ झाल्याशिवाय ते पहिल्यांदाच उठले. ते दारात आले, धाकटीच्या मागे जाऊन वाकले, बघितलं. ती श्वास धरून उभी राहिली. चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव आता तिला याचि डोळा दिसणार होता. ते बाह्या सरसावतील, हात आत घालतील, वासराला कुठल्याशा जुन्या युक्तीने फिरवतील.

"हूं," तात्या म्हणाले. "डॉक्टरला फोन करा."

"तुम्ही नाही का…"

"मी?" ते दचकलेच. "मी कसा? मी नेहमी डॉक्टरलाच बोलवायचो."

"पण इतकी वर्षं—"

"इतकी वर्षं डॉक्टरलाच बोलवायचो. करा फोन. ती पाऊण तास लावते."

फोन झाला. नवरा कमरपट्टा आवळत, भिंतीला धरून, गरम पाण्याचं भांडं घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. तिने जाऊन भांडं घेतलं. परत आली तेव्हा तात्यांनी कोट काढून खुंटीला लावला होता, धाकटीचं डोकं छातीशी धरलं होतं आणि तिच्याशी बोलत होते.

"लिफ्ट आहे आमच्याकडे," ते गाईला सांगत होते. "बटण दाबायचं. चौथ्यावर जाते आपोआप. आत आरसा आहे. हां, हां, होतंय, होतंय. पाणी चोवीस तास. गरम वेगळं, थंड वेगळं. सकाळी उठायचं काही कारणच नाही बघ. हां, सोस जरा. सात वाजले तरी झोपायचं. आठ वाजले तरी झोपायचं. सून म्हणते, बाबा, झोपा. अगं, पण जाग येते ना…"

तिने इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून जेवढे शब्द ऐकले नव्हते तेवढे त्या पाऊण तासात धाकटीने ऐकले. ती स्वतः बाजूला भांडं धरून उभी होती. हे लिफ्टचं कौतुक चाललंय की तक्रार, ते तिला समजेना.

जनावरांची डॉक्टर मोटारसायकलवरून आली. तरुण, ठेंगणी, केस घट्ट बांधलेले. आल्या आल्या तिने विचारलं, "कुणी हात घातला का आत?"

"नाही."

"बरं केलंत. निम्म्या ठिकाणी मी पोचेपर्यंत अख्ख्या घराने हात घालून झालेला असतो."

मग तिने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि पुढची वीस मिनिटं ती गाल गाईच्या मांडीला टेकवून, डोळे मिटून, अंधारात किल्ली शोधावी तशी काहीतरी शोधत राहिली. दुसरा पाय मागे दुमडलेला होता. वासराला आत ढकलायचं, पाय सरळ करायचा, मग कळेबरोबर ओढायचं. डॉक्टरने दोर तिच्या हातात दिला तेव्हा 'ओढा' म्हटल्यावर तिने ओढलं आणि 'थांबा' म्हटल्यावर थांबली. घामाने चष्मा नाकावरून घसरला, तो खाली पडला, त्यावर तिचाच पाय पडला. ते तिला नंतर कळलं. एका कळेला, अगदी अचानक, सगळं जड ओझं हलकं झालं आणि ओलं, लांबलचक, पिवळट काहीतरी गवतावर येऊन पडलं.

हललं नाही.

डॉक्टरने त्याच्या नाकातोंडातला चिकटा ओढून काढला, नाकपुडीत गवताची काडी घातली. ते शिंकलं.

"कालवड आहे," डॉक्टर म्हणाली आणि हातमोजा उतरवत पाण्याकडे गेली. "वासरामागची वार पडली नाही रात्रीपर्यंत तर कळवा. चीक, पहिलं दूध, वेळेत पाजा. आणि बाई, तुम्ही बसा आता. पांढऱ्या पडलायत."

ती बसली. गोठ्याच्या दारात, ओल्या फरशीवर. डॉक्टर निघून गेली. धाकटी आपल्या लेकीला चाटत होती, अविश्वासाने, मध्येच थांबून, पुन्हा चाटत. तात्या नळावर हात धुऊन कोट घालत होते. तीन वाजले होते.

जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तात्या, ही जागा तुम्हाला परत हवीय का?"

तात्यांचा हात कोटाच्या अर्ध्या बाहीत अडकला. पहिल्यांदाच त्यांनी 'हूं' म्हटलं नाही.

"कुणाला? मला?" ते दोन पावलं मागे सरले. "नको, नको. बाई, असं करू नका हो माझ्याशी. मी सुटलोय."

"मग येता कशाला?"

प्रश्न जरा मोठ्याने विचारला गेला. तिला स्वतःलाच ते जाणवलं. तात्यांनी बाही पुरी घातली, एकेक बटण लावलं, आणि मग सांगायचंच आहे तर सांगून टाकावं तसे तिच्या शेजारी, इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता, उंबऱ्यावर बसले.

"आमच्या बिल्डिंगीखाली एक बाक आहे. चार म्हातारे बसतात. एक शिंपी, एक पोस्टातला, एक दातांचा डॉक्टर आणि एक नुसताच. मी शेतावरनं आलोय कळल्यावर त्यांनी मला मधली जागा दिली. म्हणाले, सांगा. आता काय सांगणार? म्हटलं, पंप बिघडायचा. म्हणाले, ते नको, सकाळचं सांगा. पाखरांचं सांगा. टेकडीचं सांगा." ते थांबले. "मला एक पाखरू आठवेना, बाई. टेकडी आहे हे माहीत होतं. पण कशी आहे? सकाळी उठलो की मान खाली, ती अंधार पडल्यावर वर. मग मी थापा मारल्या. बऱ्याच मारल्या. मग वाटायला लागलं, हे बरं नव्हे. म्हटलं, जाऊन बघून तरी यावं."

"बघितलंत?"

"बघितलं. चांगलं आहे." त्यांनी समोर हात केला, टेकडीवर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. "चव्वेचाळीस वर्षं इथंच होतं. कुणी बोललंच नाही."

 तात्यांनी घसा खाकरला.

"दोन गुरुवार त्यांना पाखरांचं सांगितलं. जांभया द्यायला लागले. मग एकदा… कोबीच्या अळीवर साबणाचं पाणी मारायचं तर तुम्ही अख्खा वाफा फेसाने भरून टाकलात ना, ते सांगितलं."

"काय?"

"मग कोंबडीच्या मागे पळताना तुम्ही तिला 'अशुद्ध' म्हणालात, ते."

"तात्या!"

"आता रोज विचारतात. बाईंचं काय झालं? घेवडा गेला का? साहेबांची कंबर कशी आहे? गुरुवारी मी बसमधून उतरतो तर चौघे स्टॉपवर येऊन उभे असतात. दातांच्या डॉक्टरचे गुडघे दुखतात, तरी येतो."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सहा महिने ती परीक्षेला बसल्यासारखी वावरत होती, आठवडाभर म्हाताऱ्याची दया करत होती, आणि शहरातल्या एका बाकावर तिचा फेस, तिच्या कोंबड्या आणि तिची उताणी पडलेली बादली चवीने चघळली जात होती. संतापावं असं तिला वाटलं. पण गुडघे दुखत असताना स्टॉपपर्यंत चालत येणारा तो दातांचा डॉक्टर डोळ्यांसमोरून हलेना. संताप धड जमून येईना.

"जागा विकायचं घाटतंय का?" तात्यांनी विचारलं.

"काही कळत नाही मला," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

"हूं." ते उठले. खिशातून बसचं तिकीट काढून त्यांनी त्यामागे आकडे लिहिले. "शिंप्याचा नंबर आहे. मला मोबाईल जमत नाही. कालवड उभी राहिली की कळवा. नाही कळवलंत तर मला ते जेवू द्यायचे नाहीत."

कालवड सहाच्या सुमाराला उभी राहिली. मागचे पाय आधी उचलले, पुढच्या गुडघ्यांवर झुलली, पडली. पुन्हा उठली, पडली. पाचव्या खेपेला चारी पाय चार दिशांना रोवून थरथरत राहिली, आणि कुणीतरी चूक काढेल अशा धास्तीने एक पाऊल टाकलं. ती जवळ उभी राहून बघत होती. काच तडकलेल्या चष्म्यातून सगळं दोन-दोन दिसत होतं. मग तिने हात पुसून फोन लावला.

"उभी राहिली?" पलीकडून कुणीतरी नमस्कार-चमत्काराशिवाय विचारलं.

"पाचव्या खेपेला."

"चारदा पडली म्हणे!" तो आवाज दुसरीकडे वळून म्हणाला, आणि मागे तीन-चार गळ्यांतून समाधानाचा हुंकार उमटला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं, आणि आजूबाजूची गजबज कमी झाली. "बाई, मी शिंपी. जरा बाजूला आलोय. तात्या म्हणाले, तुमचं सोडायचं चाललंय."

"म्हणजे… तसं…"

"मला घ्यायचीय ती जागा."

ती गव्हाणीच्या कडेला टेकली.

"बत्तीस वर्षं मशीनवर बसलोय," शिंपी सांगू लागला. "समोर खिडकी आहे, खिडकीसमोर भिंत आहे. एकटा जीव आहे, मागे-पुढे कुणी नाही. तुमचं ऐकल्यापासून डोक्यात दुसरं काही येत नाही."

"अहो, पण माझं काय ऐकलंत तुम्ही? फजितीच ऐकलीत ना?" तिला त्याला सावध करायचं होतं, नीट, एकही चूक न ठेवता. "हे बघा, पंप आठवड्याला बंद पडतो."

"वा."

"थोरली गाय दिवसाआड बादलीत पाय घालते."

"वा, वा."

"पहाटे पाचला उठावं लागतं. पाठ मोडते. आज तर मी… आज माझ्या हातात दोर होता आणि दुसऱ्या टोकाला ती अडकलेली होती, आणि मला वाटलं ती गेली. मग शिंकली. इतकीशी शिंक. तुम्ही कधी ऐकलीय? आणि मग ती आईकडे बघते, आई तिच्याकडे बघते, दोघींनाही माहीत नाही काय करायचं ते—" ती थांबली. "मी तक्रार करतेय, कळतंय ना तुम्हाला?"

"हो, हो. सांगा ना."

"तुम्हाला गाय धरता येते?"

"नाही."

"पंप उघडता येतो?"

"नाही. पण बाई, तुम्हाला तरी कुठं येत होता?"

त्याच्या आवाजात खोच नव्हती. तो खरंच विचारत होता. तिला आता फक्त एवढंच म्हणायचं होतं: रविवारी या, बघून जा, बोलून टाकू. जिभेवर सगळं तयार होतं. वाक्य कुठंही लंगडत नव्हतं.

"यांना विचारून सांगते," ती म्हणाली.

दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना वाटेला लावायला ती आयुष्यभर हेच म्हणत आली होती. शिंप्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. "हो, हो, अवश्य विचारा," तो म्हणाला. "मी थांबतो. मला घाई नाही."

तिने फोन ठेवला. गोठ्याच्या दारात नवरा उभा होता. कमरपट्ट्यावर एक हात, भिंतीवर एक. घरातून इथवर तो एकटा चालत आला होता.

"कुणाचा फोन?"

"तात्यांच्या शेजारचे. कालवडीचं विचारत होते."

तो सावकाश आत आला, आणि कालवडीकडे बराच वेळ बघत राहिला. ती पाय फाकवून उभी होती आणि भिंतीला आचळ समजून चोखत होती.

"पाय प्रमाणात नाहीत," तो म्हणाला. "फार लांब काढलेत." मग जरा वेळाने, तिच्याकडे न बघता, "तात्या काय म्हणाला?"

"नको म्हणाले."

"नको?" त्याला ते खरंच वाटेना. "मग आता? दुसरं कुणी शोधायला पाहिजे."

तिच्या हाताची मूठ वळलेली होती. मुठीत तिकीट होतं. घामाने त्यावरचे आकडे फुटायला लागले होते. तिने ते खिशात टाकलं.

"शोधायला पाहिजे," ती म्हणाली, आणि कालवडीच्या पोटाखाली हात घालून तिला भिंतीपासून तिच्या आईकडे वळवायला वाकली.